नववी-दहावीच्या तासाला संगणक : पहिल्यांदाच प्रयोग करणाऱ्या शिक्षकांसाठी

अनेक माध्यमिक शाळांत संगणक कक्ष असतो आणि त्याला कुलूप असतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, नाहीतर ज्या सरांच्या नावावर चार्ज आहे त्यांच्या खिशात. तुम्ही गणित, विज्ञान किंवा भूगोल शिकवायला नव्यानं रुजू झाला असाल आणि आपल्या तासाला ती यंत्रं वापरावीत असं मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. संगणक कसा शिकवावा हे इथे सापडणार नाही. संगणक वापरून भूमितीचं प्रमेय किंवा धाराविद्युत कशी शिकवावी, तेवढंच बघू.

या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे जुनी आहे. १९८४-८५ साली केंद्रानं ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो यंत्रं दिली. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी अॅट स्कूल्स’ योजना आली, आता ते सगळं समग्र शिक्षा अभियानात आहे. यंत्रं आली तशी वेळापत्रकात ‘कॉम्प्युटरचा तास’ आला आणि बाकीचे विषय होते तिथेच राहिले. महाराष्ट्रात यंत्रं बसवायचं आणि संगणक शिक्षक पुरवायचं काम ठरावीक वर्षांच्या करारानं कंपन्यांकडे गेलं. करार संपला की शिक्षक घरी, कक्ष बंद. केरळनं २००१ साली सुरू केलेल्या ‘आयटी अॅट स्कूल’मध्ये वेगळी वाट धरली. तिथे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनाच प्रशिक्षण दिलं, त्यांच्यातल्याच एकाकडे लॅब सोपवली आणि विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स ही प्रणाली वापरली. तो प्रकल्प आज ‘काइट’ या नावानं चालू आहे. दुसऱ्या राज्याच्या कौतुकासाठी हे सांगत नाही. विषयशिक्षकानं हात घातल्याशिवाय ही गाडी हलत नाही, एवढाच मुद्दा.

आणि यंत्रं वाढली की निकाल वाढतो, या भ्रमातही राहू नका. ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालात शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांतही वाचन, गणित, विज्ञानात म्हणावी तशी सुधारणा दिसली नव्हती. म्हणून माझा सल्ला कंजुषीचा आहे. पहिल्या वर्षी एका सत्रात एकच धडा संगणकावर घ्या. वर्षाला दोन. पुरे.

पायरी १ : कक्ष उघडा आणि मोजा

धडा निवडण्याआधी हे करा. शनिवारी शाळा सुटल्यावर किल्ली मागून घ्या आणि एकेक यंत्र चालू करून वहीत तीन रकाने भरा : चालू, किरकोळ दुरुस्ती, बंद. जड संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) दहा यंत्रं असली तरी चालू सहा-सातच निघतील. त्यातलं एक बहुधा ऑफिसात गेलेलं असतं. सरल, यू-डायस, शालार्थ, आधार जुळवणी ही ऑनलाइन माहिती भरायची कामं संपत नाहीत आणि क्लार्ककडचं यंत्र मात्र बिघडतं. ते परत मागून वैर घेऊ नका, उरलेल्यांत भागवा.

किरकोळ दुरुस्तीच्या रकान्यातली निम्मी यंत्रं तुम्ही स्वतः चालू करू शकाल. चालू करताच नुसतं बीप-बीप वाजतं आणि पडदा काळा राहतो, तेव्हा बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीवर धूळ किंवा गंज बसलेला असतो. वीज बंद करा, प्लग काढा, पट्टी उपसा, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि पट्टी ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा.

दुसरा नेहमीचा प्रकार जास्त फसवा आहे. यंत्र चालू होतं, नेट लागतं, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ असल्याचा लाल इशारा येतो. व्हायरस आला म्हणून सगळे घाबरतात. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, ती दहा-पंधरा वर्षं मागे गेलेली असेल. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२ नावाची, संपलेली असते. घड्याळाच्या दुकानात ती थोडक्या पैशांत मिळते. सगळ्या यंत्रांच्या एकदमच बदला.

अर्थिंग मात्र स्वतः तपासत बसू नका. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर मुलांना आत घ्यायचंच नाही. आधी वायरमन बोलवा. जुन्या शाळांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, उन्हाळ्यात त्यात पाणीसुद्धा कुणी घालत नाही. यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडलेला दिसला तर तोही काढून भिंतीच्या सॉकेटला लावा. तो सुरू होताना इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो आणि सगळा वर्ग अंधारात.

विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तरी घाईनं नवं काही चढवायला जाऊ नका. नेट न वापरता धडा घ्यायचा असेल तर जुनं विंडोज चालून जातं. नेट लागणार असेल आणि यंत्र दोन-चार जीबी रॅमचं असेल तर लुबुंटूसारखं हलकं लिनक्स टाकून घ्या, पण आधी एकाच यंत्रावर. पंधरवडाभर स्वतः वापरा, मग बाकीच्यांचं ठरवा.

आता भीतीचं. ‘मोडलं तर भरून कोण देणार?’ या एका प्रश्नावर कितीतरी लॅब कुलूपबंद आहेत. त्यावर इलाज कागदी आहे. तुमच्या पाहणीची यादी तारखेसह मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. जे आधीच बंद आहे ते तुमच्या माथी येणार नाही. जे दुरुस्त होण्यासारखंच नाही त्याच्या निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवायला सांगा. बंद यंत्रं टेबलं अडवून बसतात, त्यामुळे निर्लेखन रखडलं तरी निदान ती एका कोपऱ्यात सरकवण्याची परवानगी घ्या.

पायरी २ : फळा जिथे हात टेकतो तो धडा निवडा

धडा निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : यात काही हलतं का, जे मला फळ्यावर हलवता येत नाही? किंवा काही इतकं मोठं, इतकं दूर, इतकं लहान आहे का, की ते वर्गात आणता येत नाही?

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. अॅमेझॉनचं खोरं, किनाऱ्याला चिकटून बसलेली दाट वस्ती आणि आतला विरळ प्रदेश हे नकाशाच्या पुस्तकापेक्षा गूगल अर्थवर चटकन कळतं. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ आपल्या तालुक्यासाठी वापरा. नववीच्या ‘धाराविद्युत’मध्ये तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना फळ्यावर दाखवणं अशक्य. कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ संचात मुलं परिपथ जोडतात आणि विद्युतप्रवाह डोळ्यांनी बघतात, तेही मराठी सूचनांसह. भूमितीच्या आकृत्या काढून हलवायला ‘जिओजेब्रा’ आहेच. ही दोन्ही साधनं फुकट आहेत.

उलट बाजूही सांगतो, कारण नवशिक्या उत्साहात तीच विसरली जाते. जे खऱ्या साहित्यानं होतं ते पडद्यावर नेऊ नका. लिटमस कागद खरा बुडवा. बहिर्वक्र भिंगानं खिडकीची उलटी प्रतिमा खऱ्या भिंतीवर पाडा, ती बघून वर्ग जो गलका करतो तो कुठल्याही अॅनिमेशनला येत नाही. ओहमचा नियम आधी खऱ्या अॅमीटरवर. काटा थरथरतो, वाचन थोडं चुकतं, तारेचं टोक सैल निघतं. हे सगळं विज्ञान आहे आणि फेटमध्ये ते नाही, कारण तिथे आकडे नेहमी शहाण्यासारखे येतात.

राहिले व्हिडिओ. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ अॅपवर स्कॅन केले की पाठाशी संबंधित साहित्य मिळतं. चांगली सोय आहे, पण प्रोजेक्टरवर वीस मिनिटांचा व्हिडिओ लावून मागे उभं राहणं म्हणजे तास घेणं नव्हे. तीन-चार मिनिटं दाखवा, थांबवा, प्रश्न विचारा.

पायरी ३ : नेट नाही असं धरूनच तयारी

नेट असलं तरी तुमच्या तासाला ते असेलच असं नाही. म्हणून सगळं आधी उतरवून ठेवा. जिओजेब्राची बिननेटची आवृत्ती मिळते. फेटचा प्रत्येक प्रयोग एका फाइलमध्ये उतरवता येतो, ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. आलेख काढायला लिब्रेऑफिस. प्रत्येक यंत्राच्या डेस्कटॉपवर धड्याच्या नावाचं एकच फोल्डर ठेवा, बाकीचे आयकॉन झाकून टाका. मुलांची नजर सैल असते.

पेनड्राइव्ह एकच ठेवा आणि तो फक्त तुमच्याकडे. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह लागला की फोल्डरांचे शॉर्टकट होतात आणि तुमचा आठवडा त्यातच जातो.

मजकूर मराठीत टाइप करताना युनिकोडच वापरा. तुमच्या आधीच्या सरांनी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडून बघा, अक्षरांची नुसती खिचडी दिसेल. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असतो. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, रचना समजली की हात बसतो. मुलांना लागेल तेवढंच शिकवा. भूगोलाच्या तासाला आलेखाचं शीर्षक टाइप करता आलं तरी त्या दिवशीचं काम झालं.

पायरी ४ : साठ मुलं, सात यंत्रं

खरी परीक्षा इथे आहे. सगळी साठ मुलं एकदम आत घेतली तर एका यंत्रापाशी आठ-नऊ जण उभे राहतात, माउस दोघांच्या हातात आणि बाकीचे एकमेकांचे खांदे मोजतात.

वेळापत्रक करणाऱ्या सरांना गाठून जोडतास, म्हणजे सलग दोन तास, मागा. विज्ञानाला प्रात्यक्षिकासाठी तो बहुधा असतोच, गणित-भूगोलाला मागावा लागतो आणि बदल्यात एखादा तास सोडावा लागतो. जोडतास मिळाला की वर्गाचे दोन गट करा. पहिल्या तासाला अर्धे यंत्रांवर, अर्धे त्याच कक्षात जमिनीवर किंवा शेजारच्या वर्गात वहीत काम करतील. दुसऱ्या तासाला अदलाबदल. वहीतलं काम धड्याशी जोडलेलं असलं पाहिजे, नुसतं ‘स्वाध्याय सोडवा’ म्हटलंत तर तो गट दारातच उभा राहून आत बघत बसतो. शेजारच्या वर्गावर लक्ष ठेवायला सहकारी मिळत नसेल तर सगळ्यांना एकाच खोलीत ठेवलेलं बरं.

तीस मुलं, सात यंत्रं, म्हणजे एका यंत्राला चौघं. एकाकडे माउस, एक कृती मोठ्यानं वाचणार, एक आकडे लिहिणार, चौथा आधी अंदाज सांगणार. दर सात-आठ मिनिटांनी टाळी वाजली की जागा बदलायच्या. मुलामुलींच्या मिश्र गटात माउस मुलग्यांकडे जातो आणि लिहिण्याचं काम मुलींकडे. हे आपोआप घडतं, कुणी दांडगाई केलेली नसतानाही. म्हणून सुरुवातीला मुलींचे गट वेगळे करा. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे असा एखादा हुशार मुलगा सगळं काम स्वतःच उरकतो. त्याला ‘हात मागे, फक्त तोंडानं सांगायचं’ अशी जबाबदारी द्या.

पायरी ५ : प्रत्यक्ष तास

उदाहरणादाखल दहावीच्या गणित भाग २ मधलं ‘वर्तुळ’ प्रकरण घेऊ. आंतरलिखित कोनाचं प्रमेय : आंतरलिखित कोनाचं माप त्यानं आंतरखंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मं असतं. फळ्यावर तुम्ही एक आकृती काढता, फार तर तीन. मुलांना वाटतं, सरांनी काढलेल्या आकृतीतच हे खरं आहे.

जिओजेब्राची फाइल तुम्ही आधी तयार करून ठेवायची, मुलांनी काही काढायचं नाही. एक वर्तुळ, त्यावर ए, बी, सी हे तीन बिंदू, सीपाशी कोन आणि केंद्रापाशी कोन. केंद्राचा कोन ८०° ठेवा, म्हणजे सीपाशी ४०° दिसेल. कोन मोजताना बिंदूंवर कुठल्या क्रमानं क्लिक करता याला महत्त्व आहे. क्रम उलटला तर ४०° ऐवजी ३२०° येतो, कारण जिओजेब्रा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं मोजतं.

तास सुरू झाला की पडद्याला हात लावू न देता विचारा : सी बिंदू वर्तुळावर सरकवत एच्या जवळ नेला, तर तिथला कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? वहीत लिहून घ्या. ‘वाढेल’ म्हणणारे बरेच निघतील. मग माउस द्या. सी सरकतो, भुजा लांब-आखूड होतात, आकृती पार वाकडी होते आणि आकडा ४०° वरून हलत नाही. दोन मिनिटं त्यांना नुसतं हलवू द्या, मध्ये बोलू नका. कुणीतरी सरकवता सरकवता एबी जीवेच्या पलीकडे जातोच, आणि तिथे आकडा एकदम २२०° होतो. ‘सर, बिघडलं!’

बिघडलेलं नसतं. पलीकडच्या कंसावर खरा आंतरलिखित कोन १४०° आहे, पण मोजण्याची दिशा तीच राहिल्यामुळे जिओजेब्रा बाहेरचा कोन दाखवतं. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन तो ०° ते १८०° मध्ये राहील असं ठरवून देता येतं. मी ते मुद्दाम करत नाही. २२० चा १४० कसा होतो ते मुलंच शोधतात, आणि १४० व ४० ची बेरीज कुणी न सांगता करून बसतात. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हा पुढचा मुद्दा अशा रीतीनं तासाच्या मध्यातच येऊन उभा राहतो.

शेवटची दहा मिनिटं पडदे बंद करून फळ्यापाशी. पन्नास ठिकाणी खरं दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगा. सिद्धता फळ्यावर, वहीत, नेहमीसारखीच. बोर्डाच्या गणिताच्या पेपरला तीच लिहायची आहे, आणि ‘पोर्शन मागे पडतोय’ म्हणून कुरकुरणाऱ्या सहकाऱ्यालाही मग बोलायला जागा उरत नाही.

तासाच्या मध्येच वीज गेली तर? तोच प्रश्न, तेच अंदाज, आणि कर्कटक-कोनमापकानं वहीत. ही पर्यायी कृती टाचणवहीत आधीच लिहून ठेवा.

पायरी ६ : तासानंतरची कामं

त्याच दिवशी मुलांना दोन प्रश्न द्या, बिनगुणांचे, कागदावर. जी आकृती पडद्यावर नव्हती अशा आकृतीवर. सी जीवेच्या दुसऱ्या बाजूला असलेलं गणित सुटलं तर तास कामी आला. नाही सुटलं तर मुलांनी मजा केली, एवढंच. दोन्ही वर्गांत तुमचाच विषय असेल तर ‘अ’ तुकडीला संगणकावर आणि ‘ब’ ला फळ्यावर शिकवून बघा. फरक कळतो आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवायला कागद मिळतो. ‘ब’ ला पुढच्या धड्याला आधी न्या, नाहीतर पालक विचारायला येतील.

प्रकल्पांबाबत एक सावधगिरी. ‘नेटवरून माहिती मिळवा’ असा प्रकल्प दिलात की झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंटचा गठ्ठा येतो, आणि आता तर चॅटबॉटनं लिहिलेला, मुलांनी न वाचलेला. गावातलीच माहिती मागा : आपल्या गल्लीतल्या दहा घरांची विजेची बिलं, शाळेच्या विहिरीची आठवड्याची पाणीपातळी. आलेख लिब्रेऑफिसमध्ये काढा. आकडे वर्गातच जमले असतील तर उसने आणता येत नाहीत.

मुलांचे फोटो, आधार क्रमांक, पालकांचे फोन लॅबच्या यंत्रांवर ठेवू नका आणि तासाचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायची हौस आवरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालचा विद्यार्थी बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

पैशाचं थोडक्यात. बॅटऱ्या, माउस, कीबोर्ड हा किरकोळ खर्च अनुदानित शाळेत वेतनेतर अनुदानातून, शासकीय शाळेत शाळा अनुदानातून मागता येतो. मागणी एकदम न करता सत्राच्या सुरुवातीला एक छोटी यादी द्या. दोन माउसची मागणी मंजूर होते, दहा यंत्रांची फाइल फिरत राहते.

एप्रिलअखेर निकालाच्या गडबडीत कक्षाकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून सुट्टी लागण्याआधी हे आटपा. सगळे प्लग काढा. नेटची वायर राउटरपासून सोडवा, वळवाच्या पावसात वीज कडाडली की पोर्ट जळतात ते याच वायरीतून. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि ती दोन महिने तशीच पडू देऊ नका. शिपाईमामांना सांगून पंधरा दिवसांतून एकदा चार्ज करून घ्या. कॅबिनेटच्या मागची रिकामी भोकं पुठ्ठ्यानं बंद करा, कारण उंदीर आत शिरतात ते तिथूनच. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, विदर्भात असाल तर जूनअखेरीस, सगळी यंत्रं एकदा चालू करून तारखा बघा आणि पहिल्या सत्राच्या धड्याचं फोल्डर टाकून ठेवा.